ऐन

निपाणीत तंबाखूचा खकाणा
परकराच्या नेफ्यातसुद्धा जाऊन बसतो.
अम्मा सूप मांडीवर घेऊन पहिलं हजार संपवायची
आणि जुम्मेरातीला तीनच्या ठोक्याला
राखेनं हात घासून, तरी पिवळेच,
ताहिरा आपांच्या माडीवर जायची.

आपा हुक्केरीहून आलेल्या.
काळे हातमोजे, मोजून बोलणं.
आल्या आल्या त्यांनी बरंच बंद केलं :
दर्ग्याचा नवस, ताबूतापुढचा नारळ,
लग्नघरी ढोलकीवर बायकांनी म्हणायची
ती फाजील गाणी.
अम्माला सगळी पाठ होती.
ती आठ दिवस घुम्म.
मग आपांनी तिच्या हातात पाटी दिली.

माडीवर अकरा जणी.
सूरे तोंडपाठ, अक्षर एकीलाही नाही.
आपा म्हणाल्या, आता बोट ठेवून म्हणा.
बोटाची आणि तोंडाची भेट व्हायला
अम्माला दोन रमजान लागले.

ऐन मात्र येईना.
घशाच्या तळातून काढायचं म्हणे,
तिथं तंबाखूनं आधीच बिऱ्हाड केलेलं.
आणि शब्दाच्या मधे आलं
की ऐन बिडीच्या दोऱ्याच्या गाठीएवढं होतं.
आहे की नाही, कळत नाही.

एका दुपारी ट्रंकेतून
रेशन कार्डाच्या खालून
तिनं निकाहनामा काढला.
काझींचं अक्षर मुंग्यांचं.
त्या दिवशी तीनशे बिड्या कमी भरल्या.

मेहेर : पाचशे पंचवीस, सिक्का राइजुल वक्त.
पुढे एक शब्द.

एक मुअज्जल म्हणजे सवडीनं द्यायचा.
एक मुअज्जल म्हणजे ताबडतोब.
मराठीत मला दोन्ही सारखेच लिहावे लागतात.
कानालाही सारखेच,
म्हणून मांडवात काझींनी मोठ्यानं वाचला तेव्हा
सगळ्यांनी सवडीचाच ऐकला.
कागदावर मात्र एकात वाव, त्याच्या डोक्यावर हमझा,
आणि दुसऱ्यात ऐन.

अम्मानं बोट ठेवलं.
गाठ होती.
खाली तिचाच अंगठा,
जांभळा, सव्वीस वर्षांपूर्वीचा.

अब्बा वखारीत हमाल.
कन्नड पाट्या येतात, मराठी पेपर येतो, उर्दू नाही.
रात्री अम्मानं ताट ठेवलं, शेजारी कागद.
"ये ऐन है."
"क्या है?"
"तुरत का है. सवड का नै."
अब्बा बराच वेळ भाकरीकडे बघत राहिले.
मग मराठीत म्हणाले,
"ऐन जेवताना काढलंस व्हय?"
आणि खमीसाच्या खिशातनं
चुरगाळलेले तीनशे दहा.
"बाकी शनवारी. पगार झाला की."

मला हसू आलं. त्या दोघांना नाही.
अम्मानं माझ्या जुन्या वहीत मांडलं,
उजवीकडून :
दोनशे पंधरा येणं.

शनिवारी आले. तिनं चष्मा केला.
सोमवारी कारखान्यात मुकादमानं
मूठभर बिड्या छाट म्हणून बाजूला टाकल्या,
तर त्यातली एकेक उचलून
चष्म्यापुढे धरून विचारत राहिली :
हिला काय झालंय? आणि हिला?
मागं रांग खोळंबली.

आपांना मेहेरचं कळलं तेव्हा
आधी त्यांना फार आनंद झाला.
हक्कच आहे, म्हणाल्या, शरीयतनं दिलेला.
पण पुढच्या जुम्मेरातीला
बाकीच्या दहा जणी
दहा पिशव्यांतून दहा कागद घेऊन आल्या,
तेव्हा आपांनी उठून
रस्त्याकडची खिडकी लावून घेतली.
थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.
मग हातमोजे काढले,
"एकेक जण," म्हणाल्या.

घरी येताना अम्मा अजून
दर्ग्याच्या बोळातूनच येते.
आत जात नाही.
चष्मा पदरानं पुसते, कमानीवरच्या दगडात
बाहेरूनच काहीतरी वाचते,
ओठ हलताना दिसतात.
काय लिहिलंय विचारलं
तर म्हणते, तू भी सीख.